गाडीला रंग आला, अर्थ गेला

ताई, आधी तुमचं दुखणं थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मी बरोबर वाचलंय की नाही ते तुम्हाला कळेल.

१९८२ची प्रीमियर पद्मिनी, बाबांची. ठाण्याच्या नौपाड्यात सोसायटीच्या आवारात अकरा वर्षं कव्हराखाली उभी होती. गेल्या वर्षी तुम्ही इंजिन बांधून घेतलं, खालचा कुजलेला पत्रा कापून नवा बसवला, आतून-बाहेरून, अगदी इंजिनाच्या खणातसुद्धा रंग मारून घेतला. दसऱ्याला हार घालून गाडी बाहेर काढली आणि तेव्हापासून तिच्या अंगात आलंय. ब्रेक दाबला की मीटरमधले दिवे मिणमिणतात. उजवा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवा त्याच्या तालावर नाचतो. हेडलाइट पिवळट. सेल्फ कधी झटक्यात मारतो, कधी नुसतं ‘कट्’ करून गप्प. पेट्रोलचा काटा हलत नाही. चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. एक वायरमन म्हणाला सगळं वायरिंग बदला, दुसरा म्हणाला बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेलाय, तिसऱ्याने मोठी बॅटरी टाकायला सांगितली.

आणि अगदी शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिलीत की एकदा चोक ओढताना नॉब हाताला गरम लागला. ती ओळ तुम्ही पहिली लिहायला हवी होती. ती वाचली आणि माझं निम्मं काम झालं.

आता तरी वायरिंग, अल्टरनेटर, बॅटरी यातलं काहीही बदलू नका. तुमची गाडी रंगाने आजारी पडली आहे.

गाडीच्या विजेचा अर्धा रस्ता वायरीतून जातो आणि अर्धा पत्र्यातून. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट फ्यूज, स्विच, वायर करत बल्बपर्यंत पोचतो आणि परत येतो तो बॉडीच्या पत्र्यातून, मायनसला. आम्ही गॅरेजवाले त्याला ‘अर्थ’ म्हणतो. पद्मिनीत जेवढी वायर दिसते तेवढीच न दिसणारी वायर म्हणजे तो पत्रा. रंगारी काय करतो? सगळे दिवे, सगळे बोल्ट उतरवतो, पत्रा घासतो, प्रायमर, लांबी (म्हणजे पुट्टी), परत प्रायमर, वर चार हात रंग. जितका रंगारी चांगला तितका अर्थ वाईट. मग दिवे परत बसवणारा पोरगा त्या आरशासारख्या रंगावर होल्डर ठेवून नाजूक हाताने स्क्रू पिळतो, कारण ओरखडा आला तर शेठ ओरडेल. झालं. बल्ब प्लॅस्टिकच्या टेबलावर ठेवल्यासारखा बसला. स्क्रूच्या आट्यांमधून काय चार-दोन ठिकाणी धातूला धातू टेकेल तेवढाच त्याचा परतीचा रस्ता.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, मार खाऊन सांगतोय. वागळे इस्टेटला माझं स्वतःचं गॅरेज सुरू करून दोनच वर्षं झाली होती. कोपरीच्या एका मास्तरांची फियाट रंगवून, इंजिन बसवून दिली. संध्याकाळी त्यांचा फोन, की डॅशबोर्डमधून धूर येतोय. कोपरीच्या पुलाजवळ गाडी उभी होती. जाऊन बघतो तर चोकची केबल. वरचं काळं कव्हर वितळून थेंब-थेंब खालच्या मॅटवर पडलेलं, आतली स्प्रिंगसारखी गुंडाळी निळी पडलेली. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये जी तांब्याच्या विणीची चपटी पट्टी असते ती बसवायची मी विसरलो होतो. माझ्याच टेबलावर, रॉकेलच्या डब्यात ती भिजत पडली होती. मास्तर काही बोलले नाहीत. डोकं हलवून ‘हं’ म्हणाले. ते ‘हं’ अजून ऐकू येतं.

झालं होतं ते असं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे विजेच्या हिशोबाने ते हवेत लटकलेलं असतं. सेल्फ मारताना शंभर अँपिअरच्या वर करंट लागतो आणि तो इंजिनाच्या ब्लॉकमधून बॉडीला, बॉडीतून बॅटरीच्या मायनसला जायला हवा. पट्टीच नाही, तर तो दुसरी वाट शोधणार. इंजिनाला आणि बॉडीला जोडणारं जे-जे लोखंडी असेल ते त्याला चालतं. चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. त्या बिचाऱ्या ओढायला किंवा फिरायला बनवलेल्या, शंभर अँपिअर वाहायला नव्हे. म्हणून तुमचा नॉब गरम झाला. पट्टी एक तर बसवलेली नाही, किंवा बसवलीय पण दोन्ही टोकांना रंगावर.

खात्री करून घेण्याची युक्ती फुकट आहे. शेजाऱ्याच्या गाडीतली जंप-स्टार्टची काळी वायर मागून आणा. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. वायरीचा एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनाच्या एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला घट्ट लावा. आता सेल्फ मारा. झटक्यात फिरला, तर पट्टीच दोषी आणि अल्टरनेटर-बॅटरीवाले दोघेही घरी. तरीही ‘कट्’ करून थांबला तर मग प्लसच्या जाड वायरीकडे आणि सेल्फच्या सोलेनॉइडकडे (किल्ली फिरवली की सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) बघू.

आता मीटरच्या त्या मिणमिणत्या दिव्यांकडे येतो. हा माझा आवडता आजार आहे. भुताटकी वाटते, पण उत्तर सरळ असतं.

तुमच्या मागच्या दिव्यात दोन तारांचा एक बल्ब असतो. २१ वॅटची तार ब्रेकची, ५ वॅटची रात्रीच्या लाल दिव्याची. दोन्हींची एक-एक बाजू वायरींकडे आणि दुसरी बाजू दोघींची सामाईक, बल्बच्या पितळी बुडाला. ते बूड होल्डरला, होल्डर पत्र्याला. आता होल्डर रंगावर बसलाय, परतीची वाट बंद. तुम्ही ब्रेक दाबता. करंट २१ वॅटच्या तारेतून बुडापर्यंत येतो आणि अडतो. मग त्याला दिसते ५ वॅटची तार, तिच्या दुसऱ्या टोकाला लाल दिव्याची वायर. तो उलटा तिच्यात शिरतो आणि त्या वायरीतून मागे-मागे जात पुढच्या पार्किंग दिव्यांना, नंबरप्लेटच्या दिव्याला, मीटरच्या दिव्यांना पोचतो, कारण हे सगळे एकाच स्विचवरून निघालेले भाऊबंद. त्यांचा अर्थ चांगला आहे, तिथून तो घरी जातो. वाटेत सगळे थोडे-थोडे पेटतात. पाय ब्रेकवर आणि उजेड डॅशबोर्डवर! इंडिकेटरबरोबर लाल दिवा नाचतो तेही हेच. दोघांचे होल्डर एकाच पत्र्यावर, आणि तो पत्रा अधांतरी.

तेव्हा तुमच्या गाडीत ‘वायरी एकमेकांत शॉर्ट झाल्यात’ हे निदान चूक आहे. एकही वायर दुसरीला चिकटलेली नाही. माझा सल्ला असा की दोन मीटर, नाही चार मीटर, साधी दीड एमएमची वायर घ्या, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावा. एक टोक बॅटरीच्या मायनसला, वायर खिडकीबाहेरून मागे डिकीपर्यंत, दुसरं टोक दिव्याच्या होल्डरच्या पितळेला. कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. नाच थांबला आणि ब्रेकचा दिवा भक्कन पेटला, की रोग सिद्ध झाला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी ही लांब वायर बनवायला लावतो. पान्यांचा सेट नंतर.

तुमच्या वायरमनने मल्टिमीटर लावून ‘टूं’ वाजवून दाखवलं आणि अर्थ ठीक आहे म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. त्या आवाजावर जाऊ नका. मल्टिमीटरचा तो बझर तपासायला अगदी नखाएवढा करंट सोडतो. वायरीतल्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आणि एकच शिल्लक असली तरी तो वाजणार. पण त्या एका तारेतून हेडलाइटचे पाच अँपिअर जाणार आहेत का? आपल्याकडे मे महिन्यात सकाळी नळाला करंगळीएवढी धार येते, म्हणून पाणी आलं म्हणायचं का? टाकी भरली तर खरं.

म्हणून अर्थ तपासायचा तो दिवा चालू ठेवून, व्होल्टमध्ये. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, वरच्या क्लॅम्पवर नव्हे. लाल पिन दिव्याच्या होल्डरच्या धातूवर. दिवा चालू. आकडा ०.२ च्या आत आला तर अर्थ उत्तम. एक-दीड व्होल्ट आला, तर तेवढे व्होल्ट परतीच्या वाटेत सांडतायत. सेल्फसाठीही तेच: कॉइलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, चार-पाच सेकंद सेल्फ मारा आणि तेवढ्यात खुंटी ते इंजिनाचा ब्लॉक असं मोजा. ०.३ पर्यंत मी चालवून घेतो. त्याच्यावर गेला की पट्टी. प्लसच्या बाजूला, खुंटी ते सेल्फचा मोठा बोल्ट, अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक.

दुरुस्ती करताना जीव थोडा घट्ट करावा लागेल, कारण रंग खरवडायचा आहे. मला माहीत आहे तो रंग किती पैशांचा आहे. पण जिथे लग, म्हणजे वायरीच्या टोकाचं धातूचं कडं, बसणार तिथे रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासा. लग, त्याच्याखाली दातेरी वॉशर, बोल्ट, कचकचून आवळायचा. दातेरी वॉशरचे दात पत्र्यात रुततात, साध्या वॉशरला ते जमत नाही. आवळून झाल्यावर, आधी नाही, वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या. आपली ठाण्याची हवा खाडीची आहे, कळव्याच्या बाजूला तर उघडा पत्रा एका पावसात तांबूस होतो. इंजिनाची पट्टी जुनी हिरवी पडली असेल तर नवी घ्या, स्वस्तात मिळते. मी स्वतः दोन लावतो, एक इंजिन ते बॉडी, दुसरी गिअरबॉक्स ते बॉडी. जास्तीची आहे हे मान्य. मास्तरांचं ‘हं’.

मागच्या दिव्यांसाठी मी आणखी एक गोष्ट करतो, जी कंपनीने केलेली नव्हती. प्रत्येक होल्डरला एक वेगळी काळी वायर सोल्डर करून ती डिकीतल्या एकाच बोल्टला आणतो. म्हणजे दिव्याच्या काचेभोवतीचे स्क्रू नाजूक हातानेच पिळले तरी चालतात, रंगही शाबूत राहतो. पुढे हेडलाइटलाही तसंच.

हेडलाइटचं मात्र दुखणं दुहेरी असणार, नुसत्या अर्थाने ते पूर्ण बरं होणार नाही. तुम्ही ६०/५५ वॅटचे हॅलोजन बसवलेत. दोन मिळून दहा अँपिअर. हा करंट बॅटरीकडून निघून स्विचपर्यंत, तिथून डिपरच्या दांडीत, तिथून फ्यूजबॉक्सला आणि मग पुढे बल्बला असा तीर्थयात्रा करून जातो. चाळीस वर्षांचे कॉन्टॅक्ट, प्रत्येक ठिकाणी थोडी काजळी. सगळ्या वाटेचा मिळून विरोध ०.२ ओहम धरा, जो हाताला कळणारसुद्धा नाही, तरी दहा अँपिअरला दोन व्होल्ट गेले. साडेतेरा निघाले, बल्बला साडेअकरा पोचले. बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने पडतो. दोन व्होल्टला जवळजवळ चाळीस टक्के उजेड जातो. घोडबंदर रोडवर रात्री समोरून ट्रक येत असताना ते चाळीस टक्के म्हणजे काय, ते चालवणाऱ्याला विचारा.

उपाय रिले, म्हणजे थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. अप्परला एक, डिपरला एक. बाजारात मिळणारा साधा चार पिनांचा ३० अँपिअरचा. ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून अडीच एमएमची वायर, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज घालून. ८७ वरून बल्बला. ८६ ला जुनी हेडलाइटची वायर, ८५ अर्थला. आता जुन्या स्विचमधून दहा अँपिअर जात नाहीत, रिले ओढायला लागणारा जेमतेम ०.१५ अँपिअर जातो. स्विच मरेपर्यंत टिकेल. १०० वॅटचे बल्ब लावा म्हणून कोणी सांगेल, ऐकू नका. होल्डर वितळतात आणि जुन्या रिफ्लेक्टरची चांदी जळते. एलईडीही नको. या रिफ्लेक्टरची रचना तारेच्या बल्बसाठी आहे, एलईडी त्यात फक्त समोरच्याच्या डोळ्यात फेकतात.

एलईडीवरून आठवलं. इंडिकेटरला एलईडी घालून मग ‘इंडिकेटर ब्लिंक होत नाही’ म्हणून येणारे महिन्याला दोन तरी असतात. इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर आतली पट्टी तापून उघड-बंद होतो. त्याला तापायला दोन २१ वॅटच्या बल्बांचा करंट लागतो. एलईडी एवढा कमी पितो की पट्टी गार ती गारच. बल्ब परत बसवा, संपलं.

फ्यूज. तुमच्या गाडीत बुटके, दोन्हीकडे टोकदार, चिनी मातीचे फ्यूज आहेत, बाहेरून धातूची पट्टी असलेले. ते जळलेले नसतानाही दगा देतात. टोकांना ऑक्साइड धरतं, स्प्रिंगच्या पट्ट्या सैल होतात. एकेक फ्यूज बोटांनी जागच्या जागी गोल फिरवून बघा. फिरवल्यावर एखादा मेलेला दिवा जिवंत झाला तर सापडला चोर. सगळे नवे घाला, पट्ट्या घासा, पक्कडीने किंचित आत दाबा. सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला फ्यूज दिसला तर आधी तो फेका. टॅक्सीवाल्यांची ती जुनी खोड, आणि पद्मिनी जितकी वर्षं मुंबईत काळी-पिवळी म्हणून धावली तितक्या वर्षांत असले इलाज घरोघरी पोचलेत. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ची, वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती बंद झाली. तेव्हापासून कुर्ल्याच्या बाजारात सुटे भाग मिळायला जास्त फिरावं लागतं. ज्या कुर्ल्यात कारखाना होता तिथेच, बघा.

पेट्रोलचा काटा: टाकी रंगवलीत ना? शिवाय आवाज नको म्हणून टाकीखाली नव्या रबरी पट्ट्याही घातल्या असतील. पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटचा अर्थ टाकीच्या अंगातून जातो. बॅटरी काढा, टाकीच्या फ्लोटजवळच्या स्क्रूला लग लावून वायर बॉडीला न्या, बॅटरी जोडा. टाकीजवळ काम आहे, ठिणगी नको, म्हणून बॅटरी काढणं टाळू नका.

आता चार दिवसांत उतरणारी बॅटरी. हे एकच लक्षण अर्थाशी जुळत नाही, म्हणजे दुसरा रोग आहे. गणित करून बघू. पद्मिनीला साधारण ३५ अँपिअर-तासाची बॅटरी असते. चार दिवस म्हणजे ९६ तास. ०.३ अँपिअरची गळती असेल तर एकोणतीस अँपिअर-तास गेले, सेल्फ मारायला काही उरलं नाही. ०.३ अँपिअर म्हणजे चार वॅटचा दिवा. एवढुसा काहीतरी रात्रंदिवस चालू आहे. १९८२च्या गाडीत किल्ली काढल्यावर काहीही चालू असायचं कारण नाही, घड्याळ किंवा स्टिरिओची मेमरी सोडून, आणि तीही वीस-तीस मिलिअँपिअरच्या वर जात नाही.

शोधायचं असं: किल्ली काढलेली, दारं बंद. मायनसचा क्लॅम्प काढा. मल्टिमीटर १० अँपिअरवर करून, पिन त्या वेगळ्या भोकात घालून, क्लॅम्प आणि खुंटी यांच्यामध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जातो. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्याला आकडा पडला त्या वाटेवर चोर. माझा पहिला संशय मात्र तुमच्या नव्या म्युझिक सिस्टिमवर आहे. स्टिरिओला दोन प्लस असतात, पिवळी कायम चालू, मेमरीसाठी, आणि लाल किल्लीबरोबर. बसवणाऱ्याला किल्लीची वायर शोधायचा कंटाळा आला की तो दोन्ही एकत्र पिळून टेप मारतो. स्टिरिओ वाजतो, मालक खूश, बॅटरी झुरते.

सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर गळती बिनफ्यूजच्या वाटेवर आहे. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत इग्निशन आणि चार्जिंगला फ्यूज नसे. अल्टरनेटर असेल तर बॅटरी काढून त्याची जाड वायर सोडवा, टोकाला टेप मारा, परत मोजा. आकडा शून्यावर आला तर आतला डायोड, म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गळतोय. जुन्या पद्मिनीत अल्टरनेटरऐवजी डायनामो असे, तुमच्यात काय आहे ते फोटोवरून नीट दिसत नाही. डायनामो असेल तर एक ऐकून ठेवा: इंजिन आयडलिंगला असताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा हलका लुकलुकणं हा दोष नाही. डायनामो कमी फेऱ्यांवर चार्ज करतच नाही. तीन हात नाक्याच्या सिग्नलला पावसात हेडलाइट, वायपर, ब्रेक सगळं चालू ठेवून दहा मिनिटं उभे राहिलात तर खर्च बॅटरीतूनच होणार. माझ्या ओळखीचे जुने लोक सिग्नलला हेडलाइट बंद करून पार्किंगवर ठेवायचे, ते कंजूष म्हणून नाही. आणि अल्टरनेटर असेल तर तो लाल दिवा नुसता शोभेचा नाही, अल्टरनेटरला जागं करणारा पहिला थोडासा करंट त्यातूनच मिळतो. तो बल्ब गेला की पुष्कळदा अल्टरनेटर चार्जच करत नाही आणि लोक नवा अल्टरनेटर घेऊन येतात. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, लाल दिवा लागतो का ते बघा.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘अल्टरनेटर चालतो का बघू’ हा प्रयोग कोणी करायला लागला तर त्याचा हात धरा. डायोड जातात. इंजिन मध्यम फेऱ्यांवर ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजा, १३.८ ते १४.४ मध्ये आले की चार्जिंग ठीक.

मग वायरिंग कधीच बदलायचं नाही का? तसं नाही. तुम्ही लिहिलंय की २६ जुलै २००५ला गाडी दारापर्यंत पाण्यात होती. तेव्हा मागे जाणारा वायरींचा जुडगा दाराच्या उंबऱ्यातून जातो, तो पाण्यात बुडाला होता. त्याच्या टोकाची एक वायर इंचभर सोला. तांबं तांब्यासारखं दिसलं तर ठीक. काळं किंवा हिरवं आलं तर आणखी चार इंच पुढे सोला. पाणी वायरीच्या आवरणाखालून वातीत तेल चढतं तसं चढतं, काळेपणा आतवर गेला असेल तर तेवढा मागचा जुडगा बदला. डॅशबोर्डमागचं वायरिंग कोरडं राहिलंय, वाकवून बघा, आवरण तडकत नसेल तर त्याला हात लावू नका. सगळं उपटून नवं घालणाऱ्याने रंगसंगती बदलली की पुढच्या प्रत्येक वायरमनला अंधारात चाचपडावं लागतं. मी अशा गाड्या उघडल्यात जिथे सत्तावीसच्या सत्तावीस वायरी लाल होत्या. घरातल्या फिटिंगची वायर वापरू नका, इंजिनाच्या उष्णतेत तिचं आवरण मऊ पडतं, ऑटो वायरच घ्या. टोकांना लग क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबून. जिथे वायर हादरे खाते तिथे सोल्डर करू नका, सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होऊन तुटते. डिकीतला होल्डर हादरत नाही, तिथे चालतं.

जुडगा बदललात तरी मूळचा फेकू नका. रिलेसुद्धा असे बसवा की मूळ वायर कुठे कापावी लागणार नाही, बॅटरीच्या ट्रेमागे दडवून. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात सांभाळलेली गाडी त्यात बसते, नंबरात ‘व्हीए’ येतं. तुमच्या गाडीला ते २०३२ ला लागू होईल. अर्थात त्या नोंदणीवर रोज गाडी फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. बाबांना रोज भाजी आणायला न्यायची असेल तर त्या भानगडीत पडू नका.

वायरी कुरतडणाऱ्या उंदरांबद्दल विचारलंत. तंबाखू, डांबरगोळ्या, फवारे सगळं करून झालंय. गाडी आठवड्यातून दोनदा चालवली तर येत नाहीत, एवढंच अनुभवाचं.

या रविवारी फक्त एवढं करा. बॅटरीचे क्लॅम्प काढून, खुंट्या आणि क्लॅम्पच्या आतली बाजू पॉलिश पेपरने घासून परत आवळा. जंपच्या वायरीने सेल्फ मारून बघा. मागे लांब वायर लावून ब्रेक दाबा. आणि तीन आकडे मला कळवा: सेल्फ मारताना खुंटी ते इंजिनाचा ब्लॉक किती, हेडलाइट चालू असताना बल्बच्या पिनवर किती, आणि सगळं बंद असताना गळती किती अँपिअर. चोक तोवर हळू ओढा, त्या केबलचं आवरण आतून वितळलेलं असू शकतं. नवी केबल मी इथून पाठवतो, माझ्याकडे दोन पडून आहेत.